पाय कोणी हालवला

करंटची पेटी आमच्या दवाखान्यात आली त्या दिवशी डॉक्टरसाहेबांनी ती आधी स्वतःच्या पोटरीला लावून पाहिली, "काम करते," म्हणाले आणि चहा प्यायला निघून गेले. त्यानंतर ती पेटी मी वाहिली. वाहिली म्हणजे अक्षरशः वाहिली. जाड लाकडाची, पितळी कडीची, आत तारेची गुंडाळी आणि बॅटऱ्या. या खाटेवरून त्या खाटेकडे नेता नेता उजवा खांदा असा काही उतरला की अजून थंडी पडली की सगळ्यात आधी तोच कुरकुरतो. मशीन आलं की काम हलकं होतं असं म्हणणाऱ्यांनी कधी मशीन उचललेलं नसतं.

छप्पन साली आमचा यवतमाळ जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला. त्यावर लोक पुष्कळ भांडले. माझ्या वाट्याला त्यातून एवढंच आलं की पुढे दवाखान्यातून कोणाला तरी उपचाराचे व्यायाम शिकायला मुंबईला पाठवायचं ठरलं, तेव्हा मोठ्या नर्सबाईंच्या गुडघ्यांनी नकार दिला आणि नंबर माझा लागला. मी तेव्हा साधी नर्स होते. आमचे मास्तर, म्हणजे माझे यजमान, "जा" म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, "येवढ्या दूर जाऊन शिकाचं काय, तं मालीश!" त्यांचं अगदीच चूक नव्हतं.

कण्याला मार लागलेली माणसं पूर्वीही यायची. मोहाच्या झाडावरून पडलेली, विहिरीत कोसळलेली, राजूरच्या खाणीत छत अंगावर आलेली. फक्त ती फार दिवस राहायची नाहीत. कमरेखालचं अंग गेलेलं, पडून पडून पाठीला जखमा, लघवीत पू, मग ताप, आणि एका सकाळी खाट रिकामी. मुंबईहून मी जे शिकून आले त्याचं सार एवढंच होतं की हे असं व्हायलाच पाहिजे असं नाही. ठरल्या वेळाने कूस बदला, अंग कोरडं ठेवा, हातांना व्यायाम द्या, बसतं करा, आणि पायांना रोज करंट द्या म्हणजे मांस झडत नाही. ऐकायला सोपं आहे. करायला गेलं की कळतं, धडधाकट माणसाचा निम्मा देह तुमच्या हातात येतो तेव्हा तो ज्वारीच्या पोत्यापेक्षा जड लागतो, आणि पोत्याला निदान लाज वाटत नाही. दुपारपर्यंत माझी कंबर धरायची. घरी जाऊन भाकरी थापताना मनगटं वळायची नाहीत. कोणी विचारलं, "कसं चाललंय नवीन काम?" तर मी म्हणायची, "चाललंय." बाकी सांगायलाही अंगात जोर लागतो.

पेटीचं काम असं. कापडी पॅड मिठाच्या पाण्यात भिजवून पिळायचे. एक कमरेखाली सरकवायचा, एक मांडीवर दाबायचा. खुंटी फिरवली की पेटी भुंग्यासारखी गुणगुणायची, मांडी आवळून यायची आणि पाय गुडघ्यातून ताडकन सरळ व्हायचा. खुंटी मागे घेतली की धप्पकन खाली. वर्षभर निपचित पडलेल्या पायाने असं उडालेलं पाहिलं की नातेवाइकांच्या तोंडचं पाणी पळायचं, कोणी हात जोडायचं. मी प्रत्येकाला तेच सांगायची. मोटेचा दोर तुटला म्हणून विहिरीतलं पाणी आटत नाही, पण ते वर येत नाही. तसं पायात जीव आहे, पण डोक्याचा हुकूम तिथवर पोचत नाही. पेटी आहे तोवर पाय हालेल, पेटी काढली की नाही. माणसं मान डोलवायची, "बराबर हाय जी," म्हणायची, आणि निघताना दारातून विचारायची, "मंग दिवाळीपावतर चालन ना, बाई?"

असाच एक पेशंट होता, घाटंजीकडच्या एका तांड्यातला. तांडा म्हणजे बंजारा लोकांची वस्ती. त्यांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवरून मीठ आणि धान्य वाहत देश फिरले, हे लोक आता स्वतःच्या वावरात कापूस पिकवतात. कापूस गाडीत भरताना एकाने वर उभं राहून पायांनी तुडवावा लागतो, नाहीतर निम्मी गाडी हवाच घेऊन जाते. हा तुडवत होता. कापूस चढत गेला, गाडी माणसाच्या वर उंच झाली, मागे वजन पडून उलाळली, आणि हा पाठीवर पडला तो थेट दगडाच्या बांधावर. पंचविशीचा असेल. बोलणं कमी, पण वॉर्डात कोणी हुंदके द्यायला लागलं की हाच एक कचकचीत शिवी हासडून त्याला गप्प करायचा. मला तो आवडायचा. खोटं कशाला बोलू, सगळे पेशंट काही आवडत नाहीत.

त्याच्यासोबत त्याची बायको राहायची, आणि तीनेक वर्षांची मुलगी. बायको आरसे लावलेल्या लाल घाघऱ्यातली, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, कपाळाच्या दोन्ही बाजूंना केसांत चांदीचे झुबके लोंबणारे. ते झुबके म्हणजे नवरा असल्याची खूण. सुरुवातीला वॉर्डातल्या बाया तिच्याकडे टकामका बघायच्या. मग तिला घमेली धुताना, चादरी पिळताना रोज पाहिल्यावर कोणाला त्यात नवल उरलं नाही. ती सगळं करायची. त्याला पुसायची, फिरवायची, भरवायची, आणि मग बाहेर व्हरांड्यात जाऊन बसायची, रस्त्याकडे तोंड करून. पेटी लावायची वेळ झाली की मात्र आत यायची. खाटेशी टेकायची, पॅड पिळून माझ्या हातात द्यायची आणि त्या उडणाऱ्या पायाकडे डोळे लावून बघत राहायची.

एकदा तिने विचारलं, "बाई, पेटीबिगर हालन का हा पाय?"

"नाही गं," मी म्हटलं. "आशा धरून बसू नकोस."

पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. त्यानंतरही तेच. माझ्यात कुठे एवढा धीर! मी वैतागून म्हटलं, "एकच गोष्ट किती वेळा सांगायची तुला?" ती खाली मान घालून म्हणाली, "पक्कं ना, बाई? पक्कं नाही हालत ना?" मी मनात म्हटलं, आशा किती चिवट असते बघा. घरी मास्तरांनाही सांगितलं. त्यांनी "हं" केलं आणि वह्या तपासत राहिले.

मग तिचा बाप आला, ढाणकीकडून. दोन दिवस राहिला. जावयाशी अदबीने बोलला, लेकीला घाण धुताना पाहिलं, आणि दवाखान्यातून निघाला तो घरी न जाता जावयाच्या तांड्यात नायकाकडे गेला. नायक म्हणजे तांड्याचा मुख्य. लग्न, काडीमोड, भांडणतंटा, सगळा फैसला तो आणि पंच मिळून करतात, आणि त्या काळी त्यावर अपील नव्हतं. बापाचं मागणं एकच होतं. माझी लेक मोकळी करा, मी तिचं दुसरं घर बघतो. त्यांच्यात त्याला मनाई नव्हती. पण रिवाज असा की बाई मोकळी झाली तरी लेकरू बापाच्या घरचं. मुलगी मोठ्या काकाकडे राहणार, आई एकटी जाणार. आणि अशा सभेत बाईने स्वतः बोलायचं नसतं, तिच्यासाठी बाप-भाऊ बोलतात.

नायकाने म्हणे ठरवलं की पाय परत येणार असेल तर बाईने थांबावं, नसेल तर सुटावं. रिवाजाप्रमाणे ज्याचा फैसला तो माणूस समोर पाहिजे. हा तर खाटेवर खिळलेला. म्हणून सभाच दवाखान्यात यायची ठरली. साहेबांना हे कळलं तेव्हा ते माझ्यावरच डाफरले, जणू मीच आमंत्रणं वाटली होती.

सभेच्या आदल्या दिवशी त्याचा थोरला भाऊ मला गाठायला आला. टोपलीभर तुरीच्या शेंगा आणल्या होत्या. मी म्हटलं, "शेंगा वॉर्डात वाटा. काम काय ते सांगा."

"उद्या पेटी जरा जोरानं लावा, बाई. पंचायनं पाह्यलं पायजे."

"पाहून काय होणार? तो पाय काही येत नाही."

"मले मालूम हाय," तो म्हणाला. "पन थे गेली तं याचं कोन करन? माही बायको चार लेकरं सांभाळून वावरात जाते. म्हातारीले दिसत नाही. मी याले फेकून देऊ का, सांगा तुमीच." वाईट माणूस नव्हता. दमला होता. दमलेला माणूस मला लांबून ओळखू येतो.

मी त्याला सांगितलं, "पेटी मी रोज जेवढी लावते तेवढीच लावेन. ज्याला जे दिसायचं ते दिसेल."

दुसऱ्या दिवशी ते आले, नेमके करंटच्या वेळेला. नायक काटकुळा म्हातारा, डोक्याला पांढरं पागोटं, कानात बाळी. मागून पंच, मागून बायकोचा बाप. साहेबांनी बाकं मांडून ठेवली होती, पण पंच बाकावर बसत नाहीत. ते खाटेभोवती फरशीवर गोल करून बसले. साहेब येऊन "बिड्या ओढायच्या नाहीत, आवाज करायचा नाही," एवढं बजावून गेले. बायको खाटेच्या पायथ्याशी उभी होती. मोठ्यांपुढे म्हणून ओढणी हनुवटीपर्यंत ओढलेली, तोंड अजिबात दिसत नव्हतं. पोरगी तिच्या घाघऱ्याला धरून होती.

बाप हात जोडून म्हणाला, "जावई चांगला मानूस हाय. त्याच्यावर माहं बोट नाही. पन माह्या पोरीनं सारी जिनगानी हेच धुवाचं का?"

थोरला भाऊ म्हणाला, "औषध चालू हाय, नायक. पाय हालते. तुमीच पाहून घ्या. लावा, बाई."

"मी माझ्या वेळेला लावते, कोणाच्या सांगण्याने नाही," मी म्हटलं. पण वेळ तीच होती, आणि मला पुढे दोन खाटा करायच्या होत्या. पॅड ठेवले. खुंटी फिरवली. पाय उडाला.

"पग! पग!" म्हातारे एकदम ओरडले. पग म्हणजे त्यांच्या बोलीत पाय. दोघे तर उठून उभेच राहिले. थोरल्या भावाने डोळ्यांना पंचा लावला. मी सवयीने बायकोकडे पाहिलं. तोंड झाकलेलं होतं, पण हात दिसत होते. हातात जादाचा पॅड होता, पिळायला घेतलेला. म्हाताऱ्यांचा गलका झाला आणि तिची बोटं सैल पडली, पॅड फरशीवर पडला. खांदे असे खचले, जणू लांबून पाण्याचं भांडं आणून उतरवणार तोच कोणी म्हणावं, अजून पुढच्या गावाला न्यायचंय.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. इतके महिने ती माझ्याकडे आशा मागत नव्हती. खात्री मागत होती. पाय हालणार नाही असं कोणीतरी तिला ठामपणे सांगायला हवं होतं.

तिचा राग यायला पाहिजे होता असं कोणी म्हणेल. मला नाही आला. मी संध्याकाळी पदर खोचून घरी जात होते. ती जात नव्हती.

नायकाने काठीने सगळ्यांना खाली बसवलं. मग मला म्हणाला, "बाई, एक इचारतो. हा पाय कोनं हालवला? यानं का तुमी?"

"पेटीने," मी म्हटलं.

"पन पाय तं त्याचाच हाय ना जी!" थोरला भाऊ.

नायकाने बाही वर सारली. "मले लावा."

मी त्याच्या कोपराखाली पॅड ठेवले. खुंटी फिरवली. म्हाताऱ्याची मूठ आपोआप आवळली. तो ती उघडायचा प्रयत्न करायला लागला, चेहरा लाल झाला, पागोटं सरकलं, मूठ काही उघडेना. मी करंट बंद केला तेव्हा उघडली. तो हसला. दात फारसे नव्हते. "मी म्हनतो नाही, हात म्हनते हो," तो पंचांना म्हणाला. मग एकेकाने हात पुढे केला. पंच म्हणजे न्यायाला बसलेली माणसं, पण पाळण्याला नंबर लावावा तशी रांग लागली. खाटेवरचा तोही हसला. त्या अर्ध्या घटकेत वॉर्डात जत्रा होती, आणि मी मधे उभी राहून मनात म्हणत होते, बॅटऱ्या उतरतील रे बाबांनो, आठवडाभर नवीन मिळायच्या नाहीत.

सगळ्यांचं झाल्यावर नायक त्याच्याकडे वळला. आता हसू नव्हतं. "पेटी बाजूले ठेवा. आता तू हालव."

त्याने पायाकडे पाहिलं. मग वर, ओढणीकडे. ती हालली नाही. थोरला भाऊ खाटेच्या लोखंडावर हात ठेवून उभा होता, काहीतरी सांगू पाहत होता.

"नाही हालत, नायक," खाटेवरचा तो म्हणाला. "माह्यानं नाही होत. पुढंही होनार नाही. बाईनं मले कवाचंच सांगतलं."

नायकाला फार वेळ लागला नाही. बाई मोकळी. पोरगी रिवाजाप्रमाणे काकाकडे. दोन्ही घरांनी मनात किंतू ठेवू नये. पंचांनी माना हलवल्या. आणि ओढणीखालून सूर निघाला. बंजारा बाया लग्नात माहेर सोडताना लांब सूर धरून रडतात, त्याला ते ढावलो म्हणतात. बोलायची बंदी असली तरी रडायची नव्हती. तो सूर तिने तिथे लावला, नवऱ्याच्या खाटेच्या पायथ्याशी, दोन्ही हातांनी मुलीचं डोकं पोटाशी दाबून. मला त्यातला शब्द कळत नव्हता. कळायची गरजही नव्हती. पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा भिंतीकडे तोंड करून झोपला.

"नायक," तिचा नवरा मोठ्याने म्हणाला, "पोट्टी मायसंगं जाईन."

"तसा रिवाज नाही, बापा."

"पोट्टी माही हाय का नाही? मंग माहं आयका. माहं हागनं-मुतनं दुसऱ्यानं काढा लागते. माह्या वहिनीले सोताचे चार हायेत. पोट्टीले जेवलीस का म्हनून कोन इचारन? मायजवळ राहीन तं माय तरी इचारन." तो थांबला. दम लागला होता त्याला. "मी बाप हाय, मी देतो. रिवाज मोडल्याचा दोष मले द्या."

नायकाने काठी या हातातून त्या हातात घेतली. शेवटी म्हणाला, "बाप देते म्हनते तं मी कोन?" थोरला भाऊ कोणाकडे न पाहता बाहेर निघून गेला. तो परत आला, पण पुष्कळ दिवसांनी.

उन्हं उतरायच्या आत गाडी जुंपली. जायच्या आधी ती पोरीला घेऊन खाटेशी आली, त्याच्या कुशीत द्यायला म्हणून पुढे केली. त्याने हात लावला नाही. "घेतली तं सोडनार नाही मी," म्हणाला. "ने." ती पायांवरची चादर नीट करून गेली. माझ्याकडे तिने पाहिलं की नाही, मला सांगता येणार नाही. मी बादली घेऊन पुढच्या खाटेकडे गेले होते. तिथे तरी कोणी माझी वाट पाहत होतं. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं होतं आणि त्या हायशाचा त्रासही होत होता, आणि या दोन्हींना वेळ द्यायला सवड नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखी पेटी घेऊन गेले. पॅड भिजवले. तो म्हणाला, "पायाले नोका लावू आता, बाई."

मी आधीच शिणलेली. म्हटलं, "असा हट्ट करून कसं चालेल, भाऊ? पायाचं मांस गेलं की हाडं टोचतील, जखमा होतील. इतके महिने गुमान लावून घेतलंत ना? मग आजच काय झालं?"

"लावून घेतलं जी." तो छताकडे बघत होता. "पाय येनार नाही हे मले पयल्या दिवसापासूनच मालूम होतं. पन पेटी सुरू झाली का थे आत येऊन माह्यापाशी बसे. बाकी दिवसभर तिले माह्याकडं पाहवत नव्हतं."